गोव्यात आले, ११ दिवसांत आघाडी फुटली: ओलाफ शोल्झ यांच्या भारत भेटीतून काय उरलं?

जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सलर ओलाफ शोल्झ २६ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यात होते. मुरगाव बंदरात आलेल्या 'बाडेन-वुर्टेमबर्ग' या जर्मन युद्धनौकेवर ते गेले. त्यानंतर ११ दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, त्यांनी अर्थमंत्री ख्रिस्तियान लिंडनर यांना काढलं आणि तीन पक्षांची आघाडी फुटली.

मग दौऱ्यात जे ठरलं, त्याचं काय?

शोल्झ मूळचे कामगार कायद्याचे वकील. २००२ मध्ये एसपीडी पक्षाचे सरचिटणीस झाल्यावर त्यांच्या साचेबद्ध उत्तरांमुळे लोक त्यांना 'शोल्झोमॅट' म्हणू लागले. पुढे कामगारमंत्री, सात वर्षं हॅम्बुर्गचे महापौर, मर्केल सरकारमध्ये अर्थमंत्री आणि डिसेंबर २०२१ मध्ये चॅन्सलर. (हॅम्बुर्गचं महापौरपद मुंबईसारखं शोभेचं नाही. ते शहरच एक राज्य आहे, त्यामुळे तिथला महापौर म्हणजे मुख्यमंत्रीच.)

गोव्यात युद्धनौका कशाला? युक्रेन युद्धानंतर भारताचं रशियन शस्त्रांवरचं अवलंबित्व कमी व्हावं, असं जर्मनीला वाटतं. शिवाय सहा पाणबुड्यांच्या कंत्राटावरही नजर होती. त्यासाठी जर्मनीची थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स आणि मुंबईचं माझगाव डॉक एकत्र उतरले होते.

पण सामान्य भारतीयांच्या दृष्टीने मोठी बातमी आदल्या दिवशी दिल्लीत आली होती. कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची ती घोषणा. याचा अर्थ 'जर्मनीत ९० हजार नोकऱ्या' असा कुणी घेतला असेल, तर ते चूक होतं. व्हिसा वाढले म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. त्यासाठी बहुतेकदा जर्मन भाषा यावी लागते, बऱ्याच पेशांत इथली पदवीही तिथे मान्य करून घ्यावी लागते. आणि यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

महाराष्ट्राने तर फेब्रुवारी २०२४ मध्येच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी (हो, त्या नौकेला याच राज्याचं नाव आहे) कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला होता. तो दोन राज्यांमधला, त्यामुळे बर्लिनमध्ये चॅन्सलर बदलला म्हणून रद्द होत नाही. इथेही खरी अट भाषेचीच.

शोल्झ मात्र सावरले नाहीत. १६ डिसेंबरला विश्वासमत हरले. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एसपीडीला १६.४ टक्के मतं मिळाली, दुसऱ्या महायुद्धानंतरची सर्वांत कमी. मे महिन्यात फ्रीडरिश मेर्त्स चॅन्सलर झाले. पाणबुड्यांच्या वाटाघाटी त्याच वर्षी, त्यांच्या काळात सुरू झाल्या.