गाडी सुरू होत नसेल, तर बक्षीस कशाचं?

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या स्पर्धांबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि ते इथल्या बऱ्याच जाणत्या मंडळींना आवडत नाही. जी गाडी मैदानावर स्वतःच्या चाकांवर येत नाही आणि जिचं इंजिन परीक्षकांसमोर सुरू होत नाही, तिला बक्षीस देऊ नये. मग रंग कितीही आरशासारखा असो आणि बोल्टवरच्या खुणा कितीही अस्सल असोत.

मी मूळचा चिंचवडचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, आता डेट्रॉइटजवळ राहतो आणि गाड्यांच्या इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहितो. इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असते. १९९५ साली फर्नडेल नावाच्या गावात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायचे म्हणून ती सुरू झाली. आज त्या दिवशी फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंतचा रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो. लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. जळलेल्या पेट्रोलचा वास येतो, एखादी गाडी तापून बंद पडते, चार अनोळखी माणसं ती ढकलत कडेला नेतात. कुणी गुण देत नाही.

आणि दुसरीकडे असतात त्या गुणांच्या स्पर्धा. तिथे गाड्या बंद ट्रेलरमधून येतात. हिरवळीवर उतरवल्या की टायरच्या खाचांतलं गवत ब्रशने काढलं जातं. परीक्षक हातात फॉर्म घेऊन फिरतात, गाडीखाली आरसा सरकवून बघतात. संध्याकाळी गाडी पुन्हा ट्रेलरमध्ये. अशा गाड्यांना इथे 'ट्रेलर क्वीन' म्हणतात. म्हणजे ट्रेलरवरची राणी, जमिनीला पाय न लावणारी.

ही राणी मुळात कोण होती, ते आधी बघू. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत बसवलेलं मोठ्या गाडीचं इंजिन. पहिली कोणती यावर वाद आहेत, पण बहुतेक लोक १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओचं नाव घेतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकवाल्यांनी नियमातली फट शोधली. नियम मॉडेलना लागू होता, वरून घ्यायच्या 'ऑप्शन'ना नाही. म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन 'ऑप्शन' म्हणून सुमारे २९५ डॉलरला विकायला काढलं. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या. घेणारी मुलं विशी-बाविशीची होती. याच वुडवर्डवर ती एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. फेरारी-लँबोर्गिनी ज्यांच्या स्वप्नातही नव्हत्या, त्यांची ही गाडी होती. पुढे विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा आला, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि दहा वर्षांत खेळ संपला.

म्हणजे स्वस्त, धसमुसळी आणि पळवण्यासाठीच बनवलेली ही वस्तू. तिला आज आपण काय करून ठेवलंय?

रिस्टोरेशनचं काम कष्टाचं आहे, त्याबद्दल मला आदर आहे. बॉडी सुटी करायची, रोटिसरीवर चढवून सळईवरच्या कबाबासारखी फिरवायची, वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढायचा, कुजलेला पत्रा कापून नवीन जोडायचा, लांबी भरून पुन्हापुन्हा घासायची. यात महिने नाही, वर्षं जातात. इथपर्यंत ठीक.

पण त्यानंतरचा प्रकार बघा. कारखान्यात तपासनीस तपासलेल्या भागावर खडूची रेघ मारायचा, रंगाचा ठिपका लावायचा. आजचे रिस्टोरर जुने फोटो बघून तो ठिपका त्याच जागी, त्याच रंगात लावतात. कारखान्यात घाईत रंग मारताना फवारा नको तिथे उडायचा. आज तो मोजूनमापून नको तिथे उडवला जातो. रंग कारखान्यापेक्षा चांगला झाला, तर काही स्पर्धांत त्याचेही गुण कापतात, कारण गाडी 'गरजेपेक्षा जास्त' सुधारली. कामगाराने शिफ्ट संपताना केलेली चूक पन्नास वर्षांनी नकाशा काढून जपायची! माझ्या धंद्यात कुणी जुन्या कोडमधल्या कॉमेंटमधली स्पेलिंगची चूक जपली आणि प्रोग्राम चालतो की नाही हे तपासलंच नाही, तर त्याला दुसऱ्या दिवशी काम दिसणार नाही. इथे त्याला कप मिळतो.

'मॅचिंग नंबर्स'चं प्रकरण तर त्याहून गमतीचं आहे. साठच्या दशकाच्या शेवटी बनलेल्या अनेक गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असत. ते जुळले तर इंजिन मूळचं आणि गाडीची किंमत कितीतरी जास्त. आता जरा विचार करा. मूळ इंजिन कुठल्या गाडीत टिकलं असेल? जी गॅरेजमध्ये पडून होती, तिच्यात. जिने खरोखर शर्यती मारल्या, जिच्या मालकाने शुक्रवारी पगार झाला की शनिवारी इंजिन तापवलं, तिचं इंजिन कधीच फुटलं आणि त्या जागी दुसरं आलं. म्हणजे मसल कारने मसल कारचं काम केलं, याचीच शिक्षा तिला होते.

आकड्यांत पैसा आला की आकडेही खोटे येतात. ब्लॉकचा सपाट भाग मशीनवर घासून जुने आकडे उडवायचे आणि हवे ते ठोकायचे, हा उद्योग इथे वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. मग तो पकडण्यासाठी धातूवरचे मूळ ओरखडे भिंगातून तपासणारे तज्ज्ञ आले. २०१४ साली सिएटलच्या लिलावात १९७१ ची हेमी इंजिनाची प्लायमथ कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. असे आकडे ऐकल्यावर कोण गाडी पावसात बाहेर काढेल?

माझ्याकडे १९६९ ची शेवरले शेव्हेल मालिबू आहे. तिच्यातलं मूळचं ३०७ घनइंचांचं इंजिन केव्हाच गेलं, मधल्या कुठल्यातरी मालकाने ३५० चं बसवलं. एका स्पर्धेत मी ती चाळीस मैल चालवत नेली. परीक्षकाने बॅटरीने ब्लॉकवरचे आकडे वाचले, फॉर्मवर फुली मारली आणि पुढे गेला. सगळा मिळून एक मिनिट. इंजिन सुरू करून दाखवू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्या नसलेल्या रकान्याशी आहे.

कारण या छंदातली खरी विद्या त्याच रकान्यात आहे. मी कामावर जे टेबल लिहितो त्यात इंजिनाचा वेग आणि भार दिला की ठिणगी पिस्टन वर यायच्या किती अंश आधी पडायला हवी, ते मिळतं. शेकडो रकाने, प्रोसेसर, सेन्सर. माझ्या मालिबूत हेच काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं, दोन स्प्रिंगा आणि एक व्हॅक्यूमचा डबा करतो. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. स्प्रिंग बदलली की इंजिनाचा स्वभाव बदलतो. या इंजिनांत वरच्या वेगाला साधारण ३४ ते ३६ अंश लागतात. पण तिथपर्यंत कसं पोचायचं, ते टायमिंग लाइट, कान आणि धीर ठरवतात. व्हॅक्यूम गेज लावलं की निरोगी साधं इंजिन संथ चालताना पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. काटा थरथरला तर कुठली व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे सत्तरीतले आजोबा नुसतं बघून सांगतात. मला दीड वर्षानंतर त्यातलं थोडं कळायला लागलंय.

आणि मुख्य म्हणजे कारखान्याचं पुस्तक उघडून हे काम होत नाही, कारण पेट्रोलच बदललं. त्या गाड्या शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनल्या होत्या. शिसं गेलं, आता दहा टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्यात कुजतात, उन्हाळ्यात कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळतं. जोरात चालवायची असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या करून घ्याव्या लागतात. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला जस्त जास्त असलेलं ऑइल लागतं, नाहीतर ती झिजून जाते. ड्रम ब्रेकच्या जागी पुढे डिस्क लावली, जुन्या टायरऐवजी रेडियल घातले, तर आजच्या रहदारीत जीव वाचतो. यातला डोळ्यांना दिसणारा प्रत्येक बदल कडक फॉर्मवर गुण घालवतो. गाडी जितकी चालण्याजोगी, तितकी नापास!

उलट ज्याला गुण मिळतात ते बहुतेक पैशांनी विकत मिळतं. खिळ्यापासून स्टिकरपर्यंत नवे 'मूळ' भाग कॅटलॉगमध्ये आहेत. १९६९ च्या कॅमेरोची तर अख्खी नवी बॉडी मिळते. कान मात्र कॅटलॉगमध्ये मिळत नाहीत. ज्यांच्याकडे ते आहेत, ती माणसं दरवर्षी कमी होत चाललीत आणि त्यांच्याकडून शिकायला तिशीच्या आतलं कुणी उभं नाही. का असेल? दोरीपलीकडे उभं राहून बंद गाडी बघण्यात काय शिकणार?

यावर उत्तर येतं: इतिहास जपायला नको का? हवा. काही गाड्या हात न लावता ठेवल्याच पाहिजेत, नाहीतर मूळ कसं होतं हे कुणाला कळणार नाही. ठिपके शोधणाऱ्यांनी हे ज्ञान गोळा केलं, ते मोलाचं आहे. पण अजिंठ्याची चित्रं जपायची म्हणून गावातल्या प्रत्येक रंगवलेल्या भिंतीला कुंपण घालत नाहीत. लाखांनी बनलेल्या मालिबूंना कसलं कुंपण?

आणि इतिहास म्हणत असाल, तर 'बुलिट' सिनेमातली मस्टँग बघा. स्टीव्ह मॅक्वीनने १९६८ साली चालवलेली ती हिरवी गाडी १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने विकत घेतली. घरातल्या शिक्षिका बाई तिच्यातून शाळेत जात. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली, त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात कमिशन धरून ती ३७ लाख डॉलरच्या वर गेली, ती विटलेल्या रंगासकट आणि गंजासकट. सिनेमामुळे महाग झाली, हे उघड आहे. पण आधी रंगवून आणा, असं कुणी म्हटलं नाही. वापरल्याच्या खुणा हाच तिचा इतिहास होता.

दुसरा आक्षेप तुमच्यातलेच काही घेतील: एका गॅलनला दहा-बारा मैल देणारी, धूर सोडणारी ही गाडी चालवायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे. या गाडीने रोज ऑफिसला जा, असं मी म्हणत नाही. माझी वर्षाला काही शे मैल चालते. पण हा आक्षेप खरा असेल, तर बंद गाडी ट्रेलरवर चढवून, तो ट्रेलर तीन राज्यांतून डिझेल पिकअपने ओढत आणण्याला आधी लागू होतो.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात. रंधा, पाना, टेम्पो, सगळ्यांना हळदकुंकू. पण ती पूजा एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी रंधा लाकडावर आणि टेम्पो रस्त्यावर. पूजा केली म्हणून सुताराने रंधा काचेच्या कपाटात ठेवला, तर गाव हसेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शंभरातले चाळीस गुण चालण्याला द्या. गाडी स्वतः आली का? थंड इंजिन किती वेळात धरलं? संथ चालताना काटा स्थिर आहे का? ब्रेक सरळ लागतात का? मालकाला बॉनेट उघडून पोराटोरांना समजावता येतं का? हे अशक्य नाही. कॉर्व्हेटवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेत मूळपणाचे गुण अत्यंत कडकपणे मोजतात, पण तिच्या मोठ्या सन्मानासाठी गाडी रस्त्यावर चालवून, प्रत्येक दिवा आणि काटा तपासूनच पास व्हावी लागते. त्यांना जमतं, तर बाकीच्यांना का जमू नये?

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. अमेरिकेत शिकायला, नोकरीला आलात आणि अशा प्रदर्शनाला गेलात, तर चकाकणाऱ्या गाडीबरोबर सेल्फी काढण्याआधी मालकाला नम्रपणे विचारा, "काका, जरा सुरू करून दाखवता का?" जो लगेच किल्ली काढेल, त्याच्यापाशी तासभर थांबा. शिकण्यासारखं त्याच्याकडे आहे.