एका सहीसाठी



आमच्या बैठकीला येणारी एक मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळते. सराव शिबिर आणि स्पर्धा यांत तिचे पाच आठवडे गेले. परतली तेव्हा ७५ टक्के हजेरी भरत नव्हती. क्रीडाशिक्षकांची सही आणलीस तर परीक्षेला बसू देऊ, असं कॉलेजनं सांगितलं. त्या सहीसाठी ती आठ दिवस त्यांच्या खोलीबाहेर उभी राहत होती. ‘‘सर म्हणतील ते ऐकावंच लागतं, ताई,’’ एवढंच म्हणाली. पुढचं बोलली नाही.

अशा मुलींसाठी काही तास वर्गात, काही ऑनलाइन असं मिश्र शिक्षण ही चांगली सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. स्पर्धेच्या गावी, सराव संपल्यावर चुकलेला धडा पाहता येतो. या सोयीचं स्वागतच करू या, पण दोन प्रश्न विचारून.

पहिला प्रश्न घराचा. घरून शिकायचं म्हटलं की मुलीच्या हाती आधी झाडू येतो आणि मोबाइल भावाचं झाल्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया ३३ टक्के. शिवाय कॉलेजच घरात आलं, तर ‘आता मैदानावर तरी कशाला जायचं?’ हा प्रश्न ठरलेलाच.

दुसरा प्रश्न सत्तेचा. संघातली निवड, हजेरीची सूट आणि परीक्षेची परवानगी एकाच माणसाच्या हाती असेल, तर मुलगी तक्रार करणार कशी? जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीपटू मुली जंतर मंतरवर बसल्या आणि त्यांनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले. देशासाठी पदकं आणणाऱ्यांनाही रस्त्यावर यावं लागलं, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं काय? २०१३ च्या कायद्यानं क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागाही कामाचं ठिकाण मानली आहे. हे किती खेळाडू मुलींना माहीत आहे?

म्हणून आपली मागणी मेहेरबानीची नाही, लेखी नियमाची आहे. स्पर्धेचं पत्र दाखवलं की हजेरीची सूट आपोआप मिळावी. बुडालेली परीक्षा पुन्हा द्यायची तारीख आधीच ठरलेली असावी. ऑनलाइन धडे पाहायला कॉलेजच्या ग्रंथालयात आणि वसतिगृहात संगणक असावेत. अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावं मैदानावरही लावलेली असावीत.

जूनमध्ये कॉलेजं सुरू होतील. प्रत्येक गटानं आपल्या जवळच्या एका कॉलेजात जाऊन या चार गोष्टी विचाराव्यात, आणि मिळालेलं उत्तर आम्हाला कळवावं. आधी मात्र मैदानावरच्या मुलींशी बोलावं, सर तिथे नसताना.