आत्मवंचना

दुसऱ्याला फसविणाऱ्या माणसाला निदान एवढे तरी ठाऊक असते, की आपण बोलतो ते खरे नाही. स्वतःला फसविणाऱ्याला तेही ठाऊक नसते. म्हणूनच लबाडीपेक्षा आत्मवंचना अधिक घातक मानली पाहिजे.

गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे दिलेली असतात. उदाहरण अडले, की विद्यार्थी हळूच पाने उलटून उत्तर पाहतो आणि मनाशी म्हणतो, 'हे तर मला येतच होते!' गुरुजींना याची वार्ताही नसते. परीक्षेच्या दिवशी मात्र ती पाने सोबत नसतात.

हा दोष केवळ मुलांचा किंवा आळशी माणसांचा आहे, असे समजणे चूक होय. फ्रान्समधील नॅन्सी शहरी रेने ब्लाँडलो नावाचे नामांकित पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होते. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढल्यापासून आणखी नवे किरण हाती लागतील, अशी अनेकांना आशा वाटू लागली होती. १९०३ साली ब्लाँडलो यांनी अशा नव्या किरणांचा शोध जाहीर केला आणि आपल्या शहराच्या आद्याक्षरावरून त्यांना 'एन-किरण' हे नाव दिले. हे किरण पडले, की अंधारातील मंद ठिणगी किंचित उजळते, एवढीच काय ती त्यांची खूण. आणि तीही नुसत्या डोळ्यांनी पारखायची! फ्रान्समधील इतर अनेक शास्त्रज्ञांनाही ती दिसू लागली. परदेशांतील कित्येकांना मात्र काही केल्या दिसेना.

तेव्हा १९०४ साली रॉबर्ट वुड हे अमेरिकन शास्त्रज्ञ मुद्दाम नॅन्सीस गेले. या किरणांना वाकवून त्यांचे निरनिराळे पट्टे पाडण्यासाठी यंत्रात ॲल्युमिनियमचा एक लोलक बसविलेला होता. प्रयोग काळोखात चालला असता वुड यांनी तो गुपचूप काढून घेतला. तरीही ब्लाँडलो पट्ट्यांची मोजमापे सांगतच राहिले, आणि तीही पहिल्यासारखीच! वुड यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा फ्रान्सबाहेर एन-किरणांवर फारसा कोणाचा विश्वास उरला नाही.

ब्लाँडलो लबाड होते काय? मुळीच नाही. विजेविषयीचे त्यांचे पूर्वीचे काम चोख होते. जे दिसावे अशी मनापासून इच्छा होती, ते त्यांना दिसले, इतकेच. त्यांच्या बुद्धीने त्यांना वाचविले नाही. बुद्धी ही पुष्कळदा मनाची वकिली करते, आणि वकील जितका हुशार तितका खोटा दावाही भक्कम वाटू लागतो.

चार्ल्स डार्विन यांनी यावर एक साधा उपाय योजला होता. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट आढळली वा सुचली, की ते ती तत्काळ टिपून ठेवीत. अनुकूल गोष्टी ध्यानात राहतात, प्रतिकूल मात्र चटकन विसरल्या जातात, हे त्यांनी स्वतःच्याच बाबतीत अनुभविले होते. १८५९ साली त्यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील एक संपूर्ण प्रकरण आपल्या सिद्धांतातील अडचणींसाठी त्यांनी राखून ठेवले होते. पुढे विरोधकांनी जे आक्षेप घेतले, त्यांपैकी फारच थोडे त्यांना नवे होते.

गणिताच्या वहीतही अशी नोंद ठेवता येते. उत्तर पाहून सोडविलेल्या उदाहरणापुढे पेन्सिलीने एक बारीकशी फुली करावी. ती गुरुजींनी तपासावयाची नसते.