मनगटावरची शर्यत

कलाशाखेच्या वार्षिक अंकात मोटारी आणि घड्याळे यांवर लेख कशाला, असे संपादकांना वाटले तर त्यांचा दोष नाही. दोन्ही वस्तू आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच्या. मोटार आपल्यापैकी मोजक्यांच्याच दारात असेल. आणि ज्या घड्याळांविषयी मी लिहिणार आहे, त्यांतल्या एकेकाच्या किमतीत आपली तिन्ही वर्षांची फी कित्येकदा भरून होईल. पण मला हा विषय चैनीचा कमी आणि इतिहासाचा अधिक वाटतो. शिवाय माझ्या मावसभावाने मला त्यावर मत विचारले आहे, आणि कोणी मत विचारल्यावर ते चार पाने भरून न देणे कलाशाखेच्या विद्यार्थिनीला शोभत नाही.

हा दादा चिंचवडला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. रस्त्यावरून गाडी गेली की पाठमोरा बसूनही तो तिचे नाव सांगतो. नोकरीला बारा वर्षे झाली, घराचे हप्ते आटोक्यात आले. आता त्याला मोटारशर्यतींच्या परंपरेतले एक उत्तम स्विस घड्याळ घ्यायचे आहे. "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, यांतले खरे कोणते?" असे म्हणून त्याने माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. चांगले कोणते, असे त्याने विचारले नाही. खरे कोणते, असे विचारले. त्या एका शब्दाने मला कामाला लावले.

गठ्ठ्यातली निम्मी घड्याळे मी लगेच बाजूला काढली. एकाच्या पट्ट्यावर टायरची नक्षी उमटवलेली. दुसऱ्याच्या तबकडीवर मोटारकंपनीचे बोधचिन्ह वेळेच्या खुणांपेक्षा मोठे. तिसऱ्यात इतकी चक्रे आणि इतके काटे, की किती वाजले हे शोधण्यातच पाच मिनिटे उलटून जावीत. स्नेहसंमेलनात मावळ्याचा वेष केला म्हणून कोणाला गड चढता येत नाही; त्यातलाच हा प्रकार.

शर्यतीच्या घड्याळाला नेमके काय करता आले पाहिजे, हे एका फसलेल्या रॅलीतून चांगले कळते. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या एका मोटाररॅलीत जॅक ह्यूअर नावाचा तरुण वाटाड्या म्हणून चालकाच्या शेजारी बसला होता. घड्याळे बनवणाऱ्या ह्यूअर घराण्यातलाच हा मुलगा, आणि गाडीत समोर बसवलेले वेळमापकही घरच्याच कारखान्याचे. धावत्या गाडीत त्याने ती तबकडी वाचताना एका मिनिटाची गफलत केली आणि हातातला पहिला क्रमांक गेला. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. याने तबकडीला दोष दिला, आणि तो बरोबर होता. पाच वर्षांनी, १९६३ साली, त्याच्या देखरेखीखाली 'कॅरेरा' हे मनगटी घड्याळ निघाले. त्याची तबकडी जवळजवळ रिकामी आहे. तासांच्या जागी बारीक सरळ खुणा, आत तीन छोटी चक्रे, आणि सेकंदाच्या पाचव्या भागाच्या रेघा तबकडीवरून उचलून काच आणि तबकडी यांच्यामधल्या उतरत्या कड्यावर नेऊन ठेवलेल्या. एवढ्या लहानशा बदलाने मधली जागा मोकळी झाली आणि नजरेला काटा एकदम सापडू लागला. ताशी दीडशेच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला तबकडीवर क्षणभर नजर टाकता येते, त्याहून अधिक नाही. ज्या घड्याळाने हे ओळखले ते माझ्या लेखी खरे.

या घड्याळांना क्रोनोग्राफ म्हणतात. वरचे बटण दाबले की मधला लांब सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे बटण दाबले की तो शून्यावर परततो. नेहमीची वेळ मात्र चालूच राहते. त्यांच्या कडेला जी आकड्यांची पट्टी असते तिला टॅकिमीटर म्हणतात, आणि ती पट्टी शोभेची आहे असे समजणारे मालक पुष्कळ आहेत. खरे तर ते साधे शाळकरी गणित आहे. तासाचे सेकंद ३,६००; एक किलोमीटर जायला लागलेल्या सेकंदांनी त्यांना भागले की ताशी वेग मिळतो. छत्तीस सेकंद लागले तर वेग १००, तीस लागले तर १२०. हा भागाकार पट्टीवर आधीच करून ठेवलेला असतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर शेजारी बसून, एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत, दादाला तो सहज पडताळून पाहता येईल. गाडी चालवताना मात्र नको. एक गंमत अशी, की बहुतेक पट्ट्या ६०च्या आकड्यापाशी संपतात, कारण त्याहून कमी वेगाला किलोमीटरला मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि काटा दुसऱ्या फेरीला निघतो. म्हणजे घाट चढणारी आपली एस. टी. या पट्टीत बसतच नाही.

ही पट्टी तबकडीवरून काढून काचेभोवतीच्या कड्यावर प्रथम नेली ती ओमेगाने, १९५७च्या 'स्पीडमास्टर'मध्ये. ते घड्याळही मोटारशर्यती डोळ्यांपुढे ठेवूनच काढलेले होते. १९६५ साली अमेरिकेच्या 'नासा'ने त्याला अंतराळवीरांसाठी पसंती दिली, १९६९ साली ते चंद्रावर गेले, आणि त्याचे मोटारींशी असलेले नाते लोक पार विसरले. चंद्रावर किलोमीटरचे दगड नाहीत. पट्टी मात्र तेव्हाही कड्यावर होतीच.

आता नावांकडे वळते, कारण माहितीपत्रकांत नावांचाच डौल अधिक. कॅरेरा हे नाव 'कॅरेरा पानामेरिकाना' या मेक्सिकोतल्या शर्यतीवरून आले. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवा महामार्ग पूर्ण झाला, त्याच्या आनंदात १९५० साली ती सुरू झाली, आणि पाचच वर्षे चालली. त्या पाच वर्षांत दोन डझनांहून अधिक माणसे मेली. १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक लोक ठार झाले, आणि त्या धक्क्याने त्या वर्षीची मेक्सिकोतली शर्यत रद्द झाली ती झालीच. इटलीतल्या 'मिले मिलिया'चेही तसेच. १९२७ पासूनची ही हजार मैलांची शर्यत, ब्रेशियाहून रोमला जाऊन परत. १९५५ साली स्टर्लिंग मॉसने ती १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. शेजारी बसलेला डेनिस जेन्किन्सन वाटेतली वळणे एका लांब कागदी गुंडाळीवर लिहून घेऊन बसला होता. दोनच वर्षांनी ग्विदित्सोलो या गावाजवळ एक फेरारी रस्ता सोडून बाहेर गेली. चालक आणि त्याचा सोबती गेले, आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जणही गेले. त्यांत पाच मुले होती. तिथे ती शर्यत संपली. १९७७ पासून त्याच नावाने जुन्या गाड्यांची जी फेरी निघते, तिच्यात वेगापेक्षा ठरल्या वेळेत ठरले अंतर कापण्याला महत्त्व असते. तिचे नाव शोपार या कंपनीची घड्याळे १९८८ पासून मिरवतात.

यातले एकही मरण माझ्यापुढच्या माहितीपत्रकांत नव्हते. नाव घ्यायचे आणि त्यामागची किंमत लपवायची, हे मला पटत नाही. घड्याळ घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण मनगटावर 'मिले मिलिया' लिहून हिंडणाऱ्याला ग्विदित्सोलो कुठे आहे हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा फार नाही. (नावांच्या उसनवारीचा एक हसरा दाखला आपल्याकडेही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या भाताला एच. एम. टी. हे नाव मिळाले, ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. घड्याळाचा तो कारखाना २०१६ साली बंद करायचे ठरले. भात अजून पिकतो.)

माणसांच्या नावांचे तर आणखीच विचित्र. ह्यूअरचेच चौकोनी 'मोनॅको' १९६९ साली आले. ते आज ओळखले जाते ते नट स्टीव्ह मॅकक्वीनमुळे, कारण १९७१च्या 'ल माँ' या चित्रपटात त्याच्या मनगटावर ते आहे. मॅकक्वीनने त्या भूमिकेसाठी नमुना घेतला होता जो सिफर्ट या खऱ्या स्विस चालकाचा. अंगातला पोशाख आणि त्यावरचे ह्यूअरचे चिन्हही त्याच्यासारखेच. सिफर्टचा ह्यूअरशी करार होता, आणि हा व्यवहारी गृहस्थ घाऊक भावात घड्याळे घेऊन इतर चालकांना विकतही असे. चित्रपट आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच येथे अपघातात गाडीला आग लागून तो गेला. आज दुकानात चित्र लागते ते नटाचे. मला विचाराल तर चित्र सिफर्टचे लावावे.

दुसरा नट पॉल न्यूमन. तो मात्र खरोखर शर्यती खेळला. १९७९ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्याच्या गाडीने ल माँला दुसरा क्रमांक मिळवला. त्याच्या पत्नीने, जोअॅन वुडवर्डने, त्याला रोलेक्सचे 'डेटोना' घड्याळ दिले होते, आणि पाठीवर कोरून घेतले होते: गाडी जपून चालव — मी. त्याने पुढे ते मुलीच्या मित्राला देऊन टाकले. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पावणेदोन कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. ज्या तऱ्हेच्या तबकडीचे ते घड्याळ, ती तऱ्हा सुरुवातीला दुकानांतून लवकर खपतही नसे. लोकांनी एवढे पैसे कशाचे मोजले? माझ्या मते त्या कोरलेल्या शब्दांचे बरेच असावेत. मी ही गोष्ट घरी सांगत होते तेव्हा मावशी भाजी निवडत होती. ती मान वर न करता दादाला म्हणाली, "तुला मागे काही कोरायचेच असेल तर रक्तगट कोर."

मावशीला माहीत नाही, पण तिच्यासारख्या बायका शर्यतीच्या इतिहासात आहेत. साठच्या दशकात चालकांच्या पत्नी पिटमध्ये स्टॉपवॉच घेऊन बसत आणि एकेका फेरीची वेळ मांडून ठेवत. नीना रिंट ही त्यांतली एक. तिच्या मनगटावर युनिव्हर्सल जनीव्हचे पांढऱ्या तबकडीचे 'कॉम्पॅक्स' असे. आज संग्राहक त्या घड्याळाला तिच्याच नावाने ओळखतात. तिचा नवरा योखेन रिंट १९७० साली माँझाच्या सरावात गेला, आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. मरणोत्तर जगज्जेता झालेला फॉर्म्युला वनचा तो एकच चालक. फेरी पुरी करून गाडी समोरून जायला हवी आणि गेलेली नाही, असे किती सेकंद होतात हे त्या बायकांइतके नेमके कोणी मोजले नसेल.

यावर दादाचा आक्षेप रास्त होता. आता फेऱ्यांची वेळ गाड्यांत बसवलेले ट्रान्सपाँडर मोजतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. मग काट्यांच्या घड्याळाला अर्थ काय? १९७१ साली माँझाला पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला, आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले. १९६३चे कॅरेरा सेकंदाला पाच टिकटिक करते. म्हणजे त्या पाचही गाड्या त्याच्या चार टिकटिकांत मावल्या असत्या. पहिला कोण, हे त्याला कधीच सांगता आले नसते. खुद्द ह्यूअरनेच सत्तरच्या दशकात फेरारीच्या संघाला इलेक्ट्रॉनिक वेळमापक पुरवून आपल्या बटणांची सद्दी संपवत आणली. हे सगळे मान्य. पण म्हणूनच, काम संपलेल्या हत्यारात निदान ते काम करण्याची ऐपत तरी शिल्लक असावी. जुनी तलवार भिंतीवर टांगायची तरी ती पोलादाची असावी, पत्र्याची नव्हे.

तेव्हा माझे मत. स्पीडमास्टर घेणारा निम्मे पैसे चंद्राचे देतो, मोनॅको घेणारा मॅकक्वीनचे. डेटोना तर पैसे असूनही दुकानात चटकन मिळत नाही. नाव नोंदवून थांबावे लागते, जसे पूर्वी आपल्याकडे बजाजच्या स्कूटरसाठी थांबत. कॅरेरा घेणाऱ्याचे पैसे तबकडीला जातात, म्हणून माझे मत कॅरेराला; त्यातही साध्या, मोकळ्या तबकडीच्याच. दादाचा जीव अजून मोनॅकोच्या निळ्या चौकोनात अडकलेला आहे, आणि पैसे त्याचे आहेत.

कोणतेही घेतले तरी दुकानात एक करून पाहावे. वरचे बटण दाबावे, हात खाली सोडावा, विक्रेत्याशी दुरुस्ती कोण करील आणि दर काही वर्षांनी सफाईला किती खर्च येईल याविषयी बोलावे. ते बोलणे तसेही आवश्यक आहे. मग हात उचलून एकदाच बघावे आणि किती मिनिटे, किती सेकंद झाले ते मोठ्याने सांगावे. दुसऱ्यांदा बघावे लागले तर ते घड्याळ परत पेटीत ठेवायला सांगावे.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)