साखर उतरली, पण कशामुळे?

"डॉक्टर, आमच्या अब्बांची शुगर बरी झाली!" गेल्या महिन्यात दवाखान्यात आलेल्या एका भगिनीने खुर्चीत बसता बसता ही बातमी दिली. वीस वर्षांचा मधुमेह. दोन वेळचे मिळून 40 युनिट इन्सुलिन घेऊनही साखर कधी 200 च्या खाली यायची नाही. आता तेवढ्याच इन्सुलिनवर उपाशीपोटी 90, कधी 70. घरात सगळे श्रेय कारल्याच्या रसाला दिले जात होते.

अब्बा मात्र गप्प होते. पावलांवर सूज होती. दोनदा पहाटे ते घामाने भिजले होते आणि काहीबाही बोलत होते. म्हातारपण म्हणून घरच्यांनी ते सोडून दिले. रक्त तपासले तर क्रिएटिनिन 4.2. साखर बरी झाली नव्हती, मूत्रपिंडे थकली होती.

इन्सुलिन काम झाल्यावर शरीराला मोडून टाकावे लागते. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि जवळपास निम्मे तिथेच मोडले जाते. सुईने घेतलेले इन्सुलिन कातडीखालून सरळ रक्तात मिसळते, यकृताचा हा पहिला नाका त्याला लागतच नाही. म्हणून ते मोडण्यात मूत्रपिंडांचा वाटा मोठा असतो. इन्सुलिनचा रेणू लहान, तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होतो. पुढच्या बारीक नळ्यांतल्या पेशी त्याला शोषून घेतात आणि तोडून त्याची अमिनो आम्ले करतात. लघवीतून शंभरातला एक भागही बाहेर जात नाही.

मूत्रपिंड बिघडू लागले तरी हे काम बराच काळ निभते, कारण त्या पेशी आजूबाजूच्या रक्तातूनही इन्सुलिन उचलतात. रिपोर्टमधला ईजीएफआर 20 च्या खाली गेला की मात्र त्यांनाही झेपत नाही आणि टोचलेले इन्सुलिन रक्तात रेंगाळते. त्यात उपाशीपोटी मूत्रपिंडे स्वतः जी थोडी साखर बनवतात ती कमी होते, आणि भूकही मंदावते. उलट याच आजारात काहींचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि साखर वाढते. त्यामुळे शेजारच्या चाचांचा डोस आपल्या अब्बांना लावू नका. साधारणपणे ईजीएफआर 50 च्या खाली आल्यावर डोस पावपट आणि 10 च्या खाली निम्म्याने कमी करतात, पण तो आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. इन्सुलिन मनाने बंद करणे तर त्याहून धोक्याचे.

गोळ्यांचेही तसेच. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी मूत्रपिंड बिघडल्यावर शरीरात साठते आणि साखर तासन्‌तास खाली ठेवते. ईजीएफआर 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिनही थांबवतात, ते वेगळ्या कारणाने. आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीएवनसी रिपोर्ट अशा रुग्णात फसवू शकतो, कारण रक्तक्षय असतो. घरचे ग्लुकोमीटर जास्त उपयोगी.

घाम, थरथर, धडधड, गोंधळ दिसला की आधी साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आपल्याकडे हात आधी खजुराकडे जातो, पण खजूर आणि संत्र्याच्या रसात पोटॅशियम भरपूर असते, मूत्रपिंडाच्या रुग्णाला साधी साखर बरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

रोजाचा प्रश्न त्या भगिनीनेही विचारला. मूत्रपिंडे एवढी बिघडलेली आणि वर इन्सुलिन चालू, म्हणजे सहरीनंतरचा लांब उपवास थेट धोक्याचा. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे, हे अब्बांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.

आता त्यांचे इन्सुलिन 22 युनिटवर आले आहे. पहाटेचा घाम थांबला. कारल्याचा रसही बंद करायला सांगितला आहे, त्यावरून मात्र घरात अजून नाराजी आहे.