थवा, बटवा आणि बल्ब

बांगडा थव्याने फिरतो, आणि तिथेच फसतो! मालवणला आम्ही मित्र छोट्या होडीतून गेलो, तर गळाला तासाभरात पाच लागले. मजा आली. साध्या जाळ्यातून बारीक पिल्लं तरी निसटतात. पर्ससीन जाळं मात्र अख्खा थवा घेरतं आणि खालून बटव्यासारखं आवळलं जातं. त्यात रात्री एलईडीचा झगमगाट केला की मासे आपणहून गोळा होतात. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे. पण गस्तीशिवाय बंदी म्हणजे टेस्टिंगशिवाय कोड, हो ना? माझं मत सरळ आहे: आधी गस्तीच्या बोटी वाढवा. पिल्लंच उपसली तर छोट्या होडीवाल्याने पुढच्या वर्षी पकडायचं काय, आणि आपण खायचं काय?