न दिसणारी धाप

फुप्फुसांच्या धमन्यांतला रक्तदाब वाढला की हृदयाची उजवी बाजू थकत जाते. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. रुग्ण दिसायला धडधाकट, पण एक जिना चढताना धाप लागते. त्यालाच घरचे आळस म्हणतात, आणि ते आजाराइतकेच जिव्हारी लागते. औषधे बहुधा आयुष्यभराची. तरीही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. ते यायलाच हवे. तोवर नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयात या रुग्णांसाठी ठरावीक दिवस राखावा, सहा मिनिटांत किती चालवते ते नियमित मोजावे, औषधांत खंड पडू देऊ नये. नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाणा-पेठच्या रुग्णाला एवढ्यासाठी मुंबई गाठायला लावणे अन्यायाचे आहे.